‘आयदान’च्या आधी : उर्मिला पवार यांचे ऐकण्याचे लेखन

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्याच्या वाचनाची एक रीत मराठीत रूढ होत गेली आहे. या रीतीनुसार पुस्तकाचे दोन भाग पडतात. पहिला कोकणातला. डोंगराळ वाट तुडवत रत्नागिरीच्या बाजाराकडे ओझी घेऊन निघालेल्या फणसवळ्याच्या बायका, त्यांची थट्टामस्करी, भुकेचे हिशोब, बांबूच्या कामट्या काढून सुपे-टोपल्या विणणारी आई, शाळेतला अपमान, १९५६ चे धर्मांतर. दुसरा मुंबईतला. नोकरी, संसार, उशिरा घेतलेले पदव्युत्तर शिक्षण, सभा, शिबिरे, परिषदा, मैत्रिणी. पहिला भाग रसरशीत आणि दुसरा वृत्तान्तासारखा, असे चर्चासत्रांतून आणि वर्गांतून इतक्या सहजपणे बोलले जाते की तो एक अभिप्राय आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचे भान राहत नाही.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या आवडीमागे साहित्याविषयीची एक धारणा दडलेली आहे. गावकुसाबाहेरची भूक हा ‘अनुभव’, आणि सभेचे इतिवृत्त लिहिणारी, गाडी पकडून घरी धावणारी, ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांच्या फायली उलटणारी बाई ही ‘माहिती’, अशी ही विभागणी आहे. दलित स्त्रीने जे सोसले ते सांगावे. तिने जे केले ते ती सांगू लागली की तिचे लेखन साहित्याच्या अंगणातून समाजशास्त्राच्या ओसरीवर जाते, असा हा अलिखित नियम होय. ‘आयदान’च्या बाबतीत हा नियम विशेष दिशाभूल करणारा ठरतो. कारण ज्या निवेदनशैलीचे कौतुक पहिल्या भागासाठी होते, ती शैली कोकणाने दिलेली नाही. कोकणाने आशय दिला. निवेदक घडली ती मुंबईत, आणि तीही स्वतःविषयी बोलताना नव्हे, तर दुसऱ्या बायकांचे बोलणे टिपून घेताना.

उर्मिला पवार यांचा लेखनक्रम या दृष्टीने पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे. त्यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील शिक्षक. मुलगी तिसरीत असतानाच ते गेले. मुलांना शिकवण्याचा त्यांचा आग्रह मात्र आईने आयदाने विणून पुरा केला. लग्न, नोकरी आणि १९७६ च्या सुमारास मुंबई. सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळून मराठीत एम.ए. ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह १९८८ साली आला, ‘चौथी भिंत’ १९९० साली. या दोहोंच्या मध्ये, १९८९ साली, मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास सांगणारे पुस्तक ‘स्त्री उवाच’ने प्रसिद्ध केले. त्यानंतर चौदा वर्षांनी ‘आयदान’. म्हणजे आत्मकथन हे या लेखिकेचे पहिले पाऊल नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) किंवा शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) यांच्याशी तुलना करता हा उशीर डोळ्यांत भरतो. दलित आत्मकथनांची पहिली लाट ओसरून गेल्यावर, कथाकार व इतिहाससंशोधक म्हणून नाव झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ही लेखिका ‘मी’ म्हणते.

कथांपासून सुरुवात करायला हवी, पण तिथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. ‘कवच’ ही त्यांची बहुचर्चित कथा. आंबे विकणाऱ्या बाईला बाजारात पुरुष द्व्यर्थी बोल ऐकवतात. सोबतचा तिचा लहान मुलगा ते ऐकून शरमेने आणि संतापाने पोळून निघतो. आई मात्र त्याच भाषेचा रोख उलटवते. कथा मुलाच्या जाणिवेतून सांगितलेली आहे, हे तिचे मर्म. वाचकाला आईच्या मनात शिरता येत नाही. मुलाप्रमाणे त्यालाही तिचे बोलणे फक्त ऐकावे लागते आणि ऐकता ऐकताच कळते की ज्याला तो निर्लज्जपणा समजत होता ते चिलखत आहे. या कथेच्या अश्लीलतेविषयी जे बोलले जाते, त्याला कथेनेच आधी उत्तर देऊन ठेवले आहे, हा भाग वेगळा. येथे महत्त्वाचे हे की बाईचे बोलणे समजण्यासाठी ऐकणाऱ्यालाच बदलावे लागते, हे सूत्र उर्मिला पवारांच्या कथेत आत्मकथनाच्या कितीतरी आधी आलेले आहे.

‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये हेच सूत्र पद्धती बनते. पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा आलेख. दुसऱ्यात प्रत्यक्ष कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती आणि परिचय. पहिल्या भागासाठी जुनी वृत्तपत्रे होती: ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि त्यांच्या आगेमागे निघालेली नियतकालिके. घटनाही नोंदलेल्या होत्या. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतिदहनानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली महिला परिषद. आणि मुंबईत १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्यापुढे झालेली सभा. या नोंदी होत्या, पण त्या सभांत बसलेल्या बायका कोण होत्या, त्या कुठून चालत आल्या, मुलांना कोणाजवळ ठेवून आल्या, परत गेल्यावर घरी काय झाले, हे वृत्तपत्रात येत नाही. अनेकदा बाईचे स्वतःचे नावही येत नाही. अमुक तमुकांच्या सौभाग्यवती एवढ्यावर भागते. इतिहासात नसणे म्हणजे नेहमीच गैरहजर असणे नव्हे. कित्येकदा ते हजेरीपटावर दुसऱ्याच्या नावाने असणे असते.

या शोधाला मध्य मुंबईचा भूगोल फार मोलाचा आहे आणि ‘आयदान’च्या मुंबईच्या भागाविषयी बोलताना तो हमखास विसरला जातो. बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ मधली घडण दामोदर हॉलशी जोडलेली. बाबासाहेबांचे दीर्घ वास्तव्य पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी येथल्या बीडीडी चाळी. एकंदर दोनशे सात इमारती, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब, कित्येकदा त्याहून अधिक. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या पुरुषांबरोबर ज्या बायका कोकणातून, देशावरून इथे आल्या, त्यांनीच या सभा भरवल्या आणि भरल्या. चाळीच्या सामायिक गॅलरीतून निरोप पोचे. नळावर सभेची चर्चा होई. रत्नागिरीच्या वाटेवरच्या बायकांचे शहरातले रूप म्हणजे या नळावरच्या बायका. उर्मिला पवारांचे अनुभवविश्व या दोन टोकांना जोडणारे आहे. गावातली बाई आणि चळवळीतली बाई या त्यांच्या लेखी दोन जाती नव्हेत.

आणखी एक संदर्भ कालाचा. हे संशोधन चालू होते ते दशक गिरणगावाच्या पडझडीचे होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणीसंप या वस्तीचे आर्थिक पायेच उखडून गेला. ज्या पिढीने बाबासाहेबांना पाहिले होते ती याच काळात म्हातारी होत होती. दोन बायका नोंदवही घेऊन म्हाताऱ्या बायकांकडे जातात, ते काही वाहून जाण्याआधी टिपून घेण्याच्या घाईने, हे पुस्तकाच्या पानापानांतून जाणवते. मीनाक्षी मून यांचे सहकार्य या ठिकाणी लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे पती वसंत मून हे महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर वाङ्मय प्रकल्पाचे संपादक होते आणि १९७९ पासून त्याचे खंड निघू लागले होते. एका बाजूला शासकीय पाठबळाने नेत्याचे समग्र वाङ्मय जमवले जात होते. दुसऱ्या बाजूला दोघी बायका, स्त्रीवादी प्रकाशनाच्या लहानशा आधारावर, त्या नेत्यामागे चाललेल्या स्त्रियांची नावे शोधत होत्या. हे दोन प्रयत्न परस्परविरोधी नव्हते. पण साधनांची तफावत नजरेआड करण्यासारखी नाही.

या पुस्तकाचे एक भावंड हैदराबादचे. तेथील ‘स्त्री शक्ती संघटना’ने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती १९८६ साली तेलुगूत प्रसिद्ध केल्या, त्यांचा इंग्रजी अवतार निघाला तो १९८९ सालीच. दोन्ही पुस्तकांचा प्रश्न एक: लढ्यात जी बाई होती ती लढ्याच्या इतिहासात का नाही? फरक विचारणाऱ्यांच्या जागेचा. हैदराबादच्या संशोधिका बहुतांशी बाहेरून, शहरी शिक्षित स्त्रीवादाच्या जागेवरून विचारत होत्या आणि आपल्या जागेविषयी त्या सजगही होत्या. उर्मिला पवार व मीनाक्षी मून आतून विचारत होत्या. समोरची म्हातारी ही कोणाची तरी आत्या, कोणाची तरी मावशी. ती भाषा समजते, तिचे मौनही समजते. पण आतून विचारण्याची एक किंमत असते. घरातल्या माणसाला काही प्रश्न विचारता येत नाहीत.

या पुस्तकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत. मुलाखतींत घर येते, नवरा येतो, सासू येते. कोणाला पाठिंबा मिळाला, कोणाला मार खावा लागला. परंतु घर येते ते चळवळीतील सहभागाला अनुकूल अथवा प्रतिकूल परिस्थिती म्हणून. घर हाच एक प्रश्न, घरातले सत्तासंबंध हाच संघर्षाचा विषय, अशी मांडणी या स्त्रिया करीत नाहीत आणि विचारणाऱ्याही त्यांना तिकडे ओढून नेत नाहीत. ओढले असते तर तो अन्याय झाला असता. त्या स्त्रियांनी आपले आयुष्य ज्या शब्दांत समजून घेतले ते शब्द ‘बाबासाहेब’, ‘समाज’, ‘शिक्षण’, ‘स्वाभिमान’ हे होते. मुलाखतकर्तीने १९८० नंतरच्या स्त्रीवादाची परिभाषा त्यांच्या तोंडी घातली नाही, हा तिचा सच्चेपणा. तरीही वाचून झाल्यावर एक दार बंदच राहिल्याची जाणीव उरते.

‘आयदान’ हे ते दार उघडते. दुसऱ्यांच्या घराचे उघडता आले नाही, म्हणून स्वतःच्या घराचे. १९८९ च्या पुस्तकातील स्त्रियांना जे विचारले गेले नाही, ते २००३ मध्ये लेखिका स्वतःला विचारते. पहिल्या रात्रीची भीती आणि शारीर अनुभव, पगार नवऱ्याच्या हाती ठेवण्यात धन्यता मानणारी तरुण पत्नी, मुलाच्या मृत्यूनंतरचे कोसळणे आणि उभे राहणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकलेल्या, आंबेडकरी जाणीव असलेल्या, पत्नीच्या नोकरीचे कौतुक असलेल्या नवऱ्याचे तिच्या लेखनाविषयी व बाहेरच्या कामाविषयी हळूहळू वाढत गेलेले अस्वास्थ्य. हे चित्र खलनायकाचे नाही. म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते. घरकाम आटोप आणि मग हवे ते कर, ही त्याची भूमिका त्याच्या लेखी उदारच आहे. उत्तम पुरुषातही पितृसत्ता किती सभ्यपणे वास करते, हे मराठी आत्मकथनात इतक्या शांतपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

मुंबईच्या भागातील ‘वृत्तान्त’ या प्रकाशात वाचला पाहिजे. सभा, परिषदा यांची वर्णने वाचताना टीकाकाराला कंटाळा येतो, कारण तो सभेत काय बोलले गेले एवढेच वाचतो. वस्तुतः त्या प्रत्येक वर्णनाला एक न लिहिलेली समांतर ओळ आहे: आता घरी पोचायला किती वाजतील? कचेरी, सभागृह आणि घर या तीन टोकांमधले लोकल गाडीचे अंतर हे नोकरी करणाऱ्या मुंबईकर बाईच्या सार्वजनिक जीवनाचे खरे मोजमाप असते. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे दादरला मिळतात, म्हणून बायकांच्या बैठका त्या परिसरात ठेवणे सोयीचे, यात कोणाला साहित्य दिसणार नाही. पण ज्या बाईला सात वाजता उठून निघावे लागते तिच्या बोलण्याची लांबीही तीच गाडी ठरवते. ‘आयदान’च्या उत्तरार्धातील घाई, तुटकपणा, एका प्रसंगावरून दुसऱ्यावर जाणे हे सगळेच कलात्मक योजनेचे फळ आहे असे म्हणण्याचा अट्टाहास नको. काही पाने खरोखरच कोरडी आहेत. सरकारी कचेरीतील जात हा विषय लेखिकेच्या रोजच्या पाहण्यातला, तरीही तो जितका उलगडायला हवा होता तितका उलगडत नाही. गावातल्या बाजारपेठेला जी सूक्ष्म नजर लाभली, ती कचेरीला लाभलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

मात्र ज्या एका गोष्टीसाठी या भागाला सर्वाधिक दोष दिला जातो, तिथे दोष वाचकाचा आहे. ती गोष्ट म्हणजे नावांच्या याद्या. कोणत्या सभेला कोण होते, कोणत्या मंचाच्या स्थापनेत कोणकोण होत्या, कोणी कोणाला बोलावले, हे लेखिका पुन्हा पुन्हा नोंदवते. कथनाच्या ओघात हे अडथळे वाटतात. परंतु ज्या लेखिकेने आयुष्यातील काही वर्षे ‘जनता’च्या अंकांतून बायकांची हरवलेली नावे शोधण्यात घालवली, तिला नाव न लिहिण्याचा अर्थ ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी कोणी दुसरी बाई नोंदवही घेऊन निघेल तेव्हा तिला ‘सौभाग्यवती’वर थांबावे लागू नये, अशी ही तरतूद आहे. ‘संवादिनी’ या दलित स्त्री साहित्य मंचाची हकिकत असो की ‘मैत्रिणी’सारख्या स्त्रीगटातील दिवसांची, तिथे आत्मकथनाचा ‘मी’ मागे सरतो आणि १९८९ ची संशोधिका लेखणी हाती घेते. साहित्यगुण म्हणून याकडे पाहायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ते अनवधान नव्हे.

या ऐकणाऱ्या निवेदकेची खूण पहिल्या भागातही पावलोपावली दिसते. बाजाराच्या वाटेवरच्या बायकांचे बोलणे तिथे लेखिकेच्या आठवणीतले सुटे संवाद म्हणून येत नाही. ते सामूहिक कथन म्हणून येते. एकीची हकिकत दुसरी पुरी करते, तिसरी तिच्यावर हसते. लेखिकेचा ‘मी’ अनेकदा टोपलीच्या आडून ऐकणाऱ्या पोरीएवढाच उरतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधील ‘आम्ही’ शीर्षकापासूनच स्पष्ट आहे. तिथे समाज बोलतो आणि स्त्री त्याच्या वतीने बोलते. ‘बलुतं’मधील निवेदक स्वतःपासून फुटून स्वतःकडे पाहतो. उर्मिला पवारांचे वेगळेपण असे की त्यांचा ‘मी’ ना समाजाचा प्रवक्ता, ना स्वतःचा आरोपी. तो जमवणारा, जोडणारा आहे. लॅटिन अमेरिकेतील ‘टेस्टिमोनियो’ या प्रकारात सांगणारी आणि टिपणारी या दोघी निराळ्या असतात. रिगोबेर्ता मेंचू सांगते आणि एलिझाबेथ बुर्गोस टिपते, आणि त्या दोघींमधील दरीवरून पुढे किती वाद माजला हे सर्वश्रुत आहे. येथे टिपणारीच एके दिवशी सांगणारी होते. तिच्या सांगण्यात टिपण्याची सवय राहून जाते.

आयदान विणण्याच्या रूपकाविषयी येथे दोन शब्द. इतरत्र बुरुडांचे मानले गेलेले हे काम कोकणात महारांकडे होते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा लेखिकेने स्वतःच जोडला आहे. त्यानंतर समीक्षेने हे रूपक इतके ताणले आहे की आता त्यातून कामट्या निसटू लागल्या आहेत. विणण्याच्या सौंदर्याविषयी बोलताना हे विसरले जाते की सूप विकायला गेल्यावर ते दुरून ठेवावे लागे आणि पैसे वरून टाकले जात. आई विणताना कोणाचे ऐकत नव्हती. पोरांची पोटे भरण्याचा तो हिशोब होता. ऐकणे ही लेखिकेने मुंबईत स्वतः कमावलेली गोष्ट. तिचे श्रेय वारशाला देऊन टाकणे म्हणजे तिच्या श्रमाचे मोल कमी करणे होय.

स्त्रीवादाशी असलेले तिचे नातेही असेच कमावलेले आहे. मथुरा प्रकरणानंतर १९८० च्या सुमारास मुंबईत स्त्रियांचे जे गट उभे राहिले, त्यांची भाषा प्रामुख्याने मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय स्त्रियांच्या अनुभवातून आलेली होती. दलित चळवळीत स्त्रीप्रश्न दुय्यम आणि स्त्रीचळवळीत जातिप्रश्न दुय्यम, हा कोंडमारा उर्मिला पवारांनी सिद्धान्त म्हणून मांडण्याआधी जगून पाहिला. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयी लिहिले, शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्या वादाला दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची जोड दिली. ही चर्चा इंग्रजीत प्रतिष्ठित होण्याच्या कितीतरी आधी ‘आम्हीही इतिहास घडवला’ मराठीत उपलब्ध होते, हे त्या चर्चेच्या अभ्यासकांनी सांगण्याचा प्रघात आहे. पण ते पुस्तक उघडून त्याची पद्धती तपासण्याचा प्रघात तितकासा नाही. रेगे यांचे ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) हा त्याला सन्मान्य अपवाद. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा ‘उपभोग’ घेतला जाण्याविषयी त्यांनी जो इशारा दिला तो ‘आयदान’च्या इंग्रजी आवृत्तीच्या अखेरीस छापलेला आहे. इशारा पुस्तकाच्या शेवटी असल्याने तो बहुधा उपभोगानंतर वाचला जातो, ही गोष्ट निराळी.

इंग्रजीतील प्रवासाने एक गमतीदार घोटाळा मात्र केला. माया पंडित यांनी केलेला ‘आयदान’चा अनुवाद २००८ साली कोलकात्याच्या ‘स्त्री’ने काढला, पुढच्या वर्षी तो कोलंबिया विद्यापीठाच्या मुद्रणालयातून अमेरिकेत गेला. वंदना सोनाळकर यांनी केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’चा अनुवादही २००८ सालीच ‘झुबान’ने काढला. मराठीत ज्या दोन पुस्तकांमध्ये चौदा वर्षांचे अंतर होते, ती इंग्रजी वाचकाला एकाच वर्षी मिळाली. परिणामी एक ‘आत्मकथन’ आणि एक ‘संदर्भग्रंथ’ अशी त्यांची वाटणी झाली. एक साहित्याच्या अभ्यासक्रमात, दुसरे इतिहासाच्या किंवा स्त्री-अभ्यासाच्या. पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिला की दुसऱ्याने पहिल्याला, हा प्रश्नच उरला नाही. मराठीतील विद्यार्थीही आता या इंग्रजी वाटणीनेच मूळ पुस्तके वाचू लागले आहेत, ही चिंतेची बाब आहे.

रंगभूमीने या बाबतीत समीक्षेपेक्षा अधिक जाण दाखवली. सुषमा देशपांडे यांनी २०१४ मध्ये ‘आयदान’ रंगमंचावर आणले तेव्हा एकटीच्या आत्मकथनाला एकपात्री रूप देण्याचा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो ‘मी’ तीन अभिनेत्रींत वाटून दिला. एक सांगते तेव्हा दुसऱ्या दोघी ऐकतात; ऐकता ऐकता त्यातलीच एक आई होते, नवरा होते, बाजाराच्या वाटेवरची बाई होते. पुस्तकातील ‘मी’ मुळातच एकटीचा नव्हता, हे जे टीकालेखांतून फारसे पुढे आले नाही ते प्रयोग पाहताना प्रेक्षकाला सहज कळते.

‘आयदान’ला महाराष्ट्र साहित्य परिषदेने लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर केला, त्याचा प्रसंगही येथे आठवण्यासारखा आहे. समारंभाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार असे कळल्यावर लेखिकेने पत्र लिहून पुरस्कार नाकारला. यातील विरोध लक्ष्मीबाईंच्या नावाला नव्हता. ‘स्मृतिचित्रे’ हे तर नवऱ्याच्या विक्षिप्तपणाविषयी प्रेमाने आणि मिस्किलपणे लिहिणाऱ्या बाईचे पुस्तक. त्या परंपरेत ‘आयदान’चे स्थान वादातीत आहे. नाकारले गेले ते परंपरेचे दार कोणत्या मंत्राने उघडायचे हे ठरवणाऱ्यांचे गृहीतक. धर्मांतराच्या वेळी घरातले देव बाहेर काढल्याचे जिने लिहिले, तिच्या सत्कारात देवी ठेवण्यापूर्वी पुस्तक एकदा वाचून पाहायला हवे होते, एवढेच म्हणता येईल.

‘आयदान’नंतर २००४ साली ‘हातचा एक’ हा कथासंग्रह आला. वीणा देव यांनी इंग्रजीत आणलेल्या कथांचा ‘मदर विट’ हा संग्रह २०१३ साली निघाला. कथाकार म्हणून त्यांची स्वतंत्र, सविस्तर चिकित्सा मात्र मराठीत अद्याप व्हायची आहे, कारण आत्मकथनाने कथांना झाकोळून टाकले. गेली वीस-बावीस वर्षे उर्मिला पवार यांच्या मुलाखती घेतल्या जात आहेत. त्यांना बालपणाविषयी विचारतात, आईविषयी, आयदानाविषयी, जातीच्या चटक्यांविषयी. परळ-नायगावच्या चळवळीतून आलेल्या म्हाताऱ्या बायकांपुढे त्या स्वतः नोंदवही उघडून बसल्या तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारला होता आणि कोणता विचारायचा राहून गेला, हे विचारणारे फारच थोडे. दरम्यान दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १६ जून १९३६ च्या सभेला कामाठीपुऱ्यातून परळपर्यंत चालत आलेल्यांपैकी बहुतेकींची नावे कोणत्याही यादीत नाहीत.